बारा व्होल्टचं बटण

अप्पांना फोनवरून माग ऐकवायची पद्धत आमच्या घरात कधी सुरू झाली ते आता नेमकं आठवत नाही. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात माझ्या वडिलांनी चाळीस वर्षं जॉबर म्हणून काढली. जॉबर म्हणजे यंत्रमाग अडला, कुरकुरला की तो जुळवून देणारा माणूस. तिथले मालक सकाळी दहाच्या सुमाराला फोन लावायचे आणि चालू मागाजवळ धरायचे. इकडं भवानी पेठेत अप्पा पलंगावर टेकून बसलेले, फोन कानाला, डोळे गच्च मिटलेले. मग एकदम ओरडायचे, "धोट्याचा पट्टा ढिला हाय! डावीकडला! डावीकडला बगा की!" थोड्या वेळानं तिकडून आवाज यायचा, "व्हय की वो अप्पा, ढिलाच हाय." अप्पा फोन ठेवायचे आणि चहा मागायचे. त्या दिवशी चहात साखर कमी पडली तरी ते चकार शब्द काढायचे नाहीत.

दीड वर्षापूर्वी त्यांना लकवा मारला आणि उजवी बाजू गेली. दवाखान्यात न्यायला गल्लीतले चौघे धावले, त्यांना चादरीत घातलं आणि चार टोकं धरून उचललं. बरे होऊन घरी आल्यावर अप्पांनी पहिलं काय केलं, तर जाहीर करून टाकलं, "चौघांनी उचलायचं ते आता एकदाच. तवर मला कुणी उचलायचं न्हाय." तेव्हापासून ते घराबाहेर पडले नव्हते. डाव्या हातानं दांडा धरून पलंगावरून चाकाच्या खुर्चीत ते स्वतःच सरकायचे, खुर्ची उंबऱ्यापर्यंत आणायचे आणि तिथून गल्ली बघायचे. डॉक्टर घरी, न्हावी घरी. पुढं गाडीत चढायचं म्हणजे कुणीतरी उचलणं आलं, आणि ते त्यांना मान्य नव्हतं.

घरात आम्ही तिघंच. अप्पा, आई, म्हणजे आमची अव्वा, आणि मी. मी शाळेत विज्ञान शिकवते. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो असं शाळेत म्हणतात आणि घरीही म्हणतात, तेव्हा ते खरं असणार. अप्पांसाठी म्हणून मी एक जुनी व्हॅन घेऊन ठेवली होती. अप्पा तिच्यात बसायला तयार नव्हते, म्हणून मी एकटीच ती घेऊन शाळेत जायचे. स्टाफरूममध्ये विचारायचे, "बाई, आज किती प्रवासी मिळाले?"

आणि मग तो फोन आला. एका मागावर टॉवेलचे लूप मधूनमधून बसतच नव्हते, टॉवेलला टक्कल पडल्यासारखे पट्टे येत होते. अप्पांनी तीन दिवस फोनवर कान लावला. काही कळेना. "फोनात बारीक आवाज येतच न्हाय," म्हणाले, "हात लावून बगाया पायजे." त्यावर मालक म्हणाले, "मग तुमीच या की अप्पा. रोज दोन तास येऊन बसा, नव्या पोरांना शिकवा. पगारी. चार माणसं पाठवतो, अलगद उचलून आणतील."

अप्पांचा चेहरा पहिल्या वाक्याला असा फुलला होता की मी हातातलं काम टाकून बघत राहिले. शेवटचं वाक्य ऐकलं आणि ते "न्हाय" म्हणाले. फोन ठेवला आणि भिंतीकडं तोंड करून झोपले. मला इतका संताप आला! मालकांचा नाही, अप्पांचाही नाही. त्या गाडीच्या मागच्या दाराचा आला. जमिनीपासून दोन फूट उंचीचं ते दार, आणि त्या दोन फुटांनी माझ्या बापाला घरात कोंडून ठेवलंय, असं मला त्या क्षणी वाटलं आणि मी वहीच्या मागच्या पानावर चित्र काढायला बसले.

चित्र सोपं होतं. गाडीच्या मागच्या दाराला लोखंडी उतरंड, म्हणजे खुर्ची चढवायचा उतार. आत पुढं एक विंच, म्हणजे चिखलात रुतलेल्या जीपला ओढून काढणारी मोटर. ती गाडीच्याच बॅटरीवर चालते, तिला दोर गुंडाळायचं रीळ असतं आणि मोटर बंद केली की तिचा ब्रेक दोर जागेवर धरून ठेवतो. दोराचा आकडा अप्पांच्या खुर्चीला अडकवायचा. बटण दाबलं की दोर गुंडाळला जाणार आणि खुर्ची उतरंडीवरून गाडीत चढणार. कुणी उचलायचं नाही, कुणी ढकलायचं नाही. मी उड्याच मारायच्या बाकी होते. आरटीओत जाऊन काय चालतं, काय कागद लागतात ते विचारून आले. एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेशनवाल्यानं उतरंड करून दिली, आणि त्याच्याकडं जीपची काढून ठेवलेली विंचही होती. मोटर ठणठणीत, पण तिच्या बटणाचा डबा कधीच जळून गेलेला. तो डबा जळालाच का, हे मी विचारायला हवं होतं. हुरळलेल्या माणसाला असले प्रश्न सुचत नाहीत.

अप्पांना चित्र दाखवलं. ते बराच वेळ बघत होते. मग बोट ठेवून म्हणाले, "बटण कुणाच्या हातात?"

"माझ्या," मी म्हणाले.

"मंग न्हाय. बटण माज्या हातात पायजे, आक्का. तू दाबणार आसशील तर त्ये उचलल्यासारकंच झालं की."

"तुमच्या हातात," मी लगेच म्हणाले. एवढ्यावर ते येणार असतील तर मी गाडीचं स्टीअरिंगसुद्धा त्यांच्या हातात दिलं असतं.

त्यांनी मला पलंगाखालची ट्रंक ओढायला लावली. तिच्यात पाने, स्क्रू, झिजलेले दाते, आणि तळाशी मागाला लावतात तो हिरव्या-लाल बटणाचा स्विच. हिरवं दाबलं की माग चालू, लाल दाबलं की बंद. अप्पांनी तो धोतरानं पुसला. "हे चारशे चाळीसवर दहा वर्सं चाललंय. मोटर एक एचपीची. दिवसात शंभरदा चालू, शंभरदा बंद. तुजी विंच किती एचपीची?"

"एकच."

"आन व्होल्ट किती?"

"बारा."

अप्पा आजारपणानंतर पहिल्यांदा खदखदून हसले. "बारा! बारात काय दम हाय गं? जिबंला लावलं तर गुदगुल्या व्हतील!"

आणि मीही हसले. वीस वर्षं मुलांना वीज शिकवणारी मी, त्यांच्याबरोबर हसले. स्विचच्या कडेला ठसठशीत छापलं होतं, सोळा अँपिअर, चारशे पंधरा व्होल्ट, आणि शेजारी एक बारीक लहरीची खूण. ती लहर मी दरवर्षी फळ्यावर काढते आणि सांगते, ही एसीची खूण. तरीही ती मला दिसली नाही. आमच्याकडं माणसं मागावरच वाढलेली, मागाचा स्विच म्हणजे आमच्या दृष्टीनं शेवटचा शब्द. चारशे चाळीसला पुरून उरलेल्याला बारा व्होल्ट म्हणजे पोरखेळ, असं अप्पांना वाटलं आणि मला ते अगदी पटलं.

रविवारी सकाळी चाचणी ठरली. अव्वाची एकच अट, आधी माणूस नाही. मग अप्पांच्या खुर्चीत त्यांच्या वजनाइतकं ज्वारीचं पोतं ठेवलं आणि पट्ट्यानं बांधलं. अप्पा उंबऱ्याशी प्लास्टिकच्या खुर्चीत, मांडीवर तो स्विच, त्याच्यातून लांब वायर गाडीपर्यंत. बॅटरीला मी चाचणीपुरते चिमटेच लावले होते. सगळी गल्ली जमली.

अप्पांनी हिरवं दाबलं. विंच घुंई करून सुरू झाली, दोर ताणला आणि ज्वारीचं पोतं एखाद्या पाहुण्यासारखं ऐटीत वर निघालं. टाळ्या! लाल दाबलं, पोतं थांबलं. मी ओरडले, "अप्पा, झालं! झालं की हो!" स्विचच्या फटीतून निळी ठिणगी दिसली होती आणि वायर हाताला कोमट लागत होती, पण ते बघायला सवड कुणाला होती? दोर सोडून पोतं खाली आणलं. पुन्हा वर. पुन्हा टाळ्या. तिसऱ्यांदा अप्पांनी हिरवं दाबलं, पोतं वर चढलं, दारातून आत गेलं, आणि अप्पांनी लाल दाबलं.

विंच थांबली नाही.

त्यांनी पुन्हा दाबलं. अंगठा पांढरा पडेस्तोवर दाबलं. खुर्ची पुढच्या आडव्या लोखंडी दांड्याला धडकली, पाय ठेवायची पट्टी वाकली, दोर तारेसारखा कडक झाला आणि खुर्ची दांड्याखाली ओढली जाऊ लागली. पट्टा तुटला, पोतं फाटलं, आणि ज्वारी उतरंडीवरून सूं करत गल्लीत सांडायला लागली. मी आत उडी मारून बॅटरीचा चिमटा उपटला. तेव्हा कुठं ती मोटर गप्प झाली.

अव्वा चिडली की कानडीवर येते. "बेडा!" म्हणाली. "बेडा म्हंजे बेडा! नको ती गाडी आन नको ते काम. जवारी व्हती म्हणून..." सूप घेऊन ती ज्वारी भरायला लागली.

अप्पांनी डाव्या हातानं स्विच उघडला. आतले तांब्याचे दोन पॉइंट वितळून एकमेकांना चिकटले होते. लाल बटण आपलं काम करत होतं, पण ते पॉइंट सुटायलाच तयार नव्हते. "दाबलं व्हतं मी," अप्पा म्हणाले. "लाल दाबलं व्हतं." दिवसभरात हे त्यांनी तीन-चारदा म्हटलं. लाल दाबलंय आणि यंत्र थांबत नाही, असं चाळीस वर्षांत त्यांच्या हाताला कधी घडलं नव्हतं. संध्याकाळी त्यांनी मालकांना फोन करून सांगितलं, "दुसरा जॉबर बगा तुमी." मालक म्हणाले, "पुढच्या सोमवारपर्यंत थांबतो अप्पा. मग बगू." ज्याचा जीव मागात अडकलाय त्या माणसाच्या हातात मीच तो स्विच दिला होता. मला स्वतःला दोन थोबाडीत द्याव्याशा वाटत होत्या.

दुसऱ्या दिवशी दहावीच्या वर्गात वीज हाच धडा होता. फळ्यावर लिहिलं, शक्ती म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर. नेहमीचं उदाहरण देण्याऐवजी माझ्या हातानं आपोआप लिहिलं, एक एचपी म्हणजे सातशे शेचाळीस वॅट, व्होल्ट बारा, तर अँपिअर किती? पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "बासष्ट, बाई."

"किती?"

"बासष्टला थोडं वर, बाई."

मी खडू फेकला. खरोखर फेकला. "बासष्ट!" मी ओरडले. वर्ग घाबरला. तीच एक एचपी मागाला चारशे चाळीसवर मिळते तेव्हा मोटर दोन अँपिअरसुद्धा घेत नाही! व्होल्ट जितके कमी, तितके तेवढ्याच कामाला अँपिअर जास्त. सोळाचा स्विच मागावर दोनाचं ओझं वाहत होता आणि आम्ही त्याला दहा वर्षांचा पैलवान समजत होतो. आणि हे चालू असतानाचं झालं, मोटर सुरू होताना तर त्याच्या कितीतरी पट खेचते. मी मुलांना सगळं सांगून टाकलं, पोत्यासकट. इतका वेळ धड्याकडं लक्ष देणारा वर्ग मला त्याआधी कधी मिळाला नव्हता. शाळा सुटली आणि मी तो जळका स्विच घेऊन थेट अक्कलकोट रोडला गेले.

तिथं ट्रक आणि ट्रॅक्टरचं वायरिंग करणाऱ्या चाचांचं दुकान आहे. पांढरी दाढी, कपाळावर चष्मा. दखनी बोलतात, बायकांना बाजी म्हणतात, म्हणजे ताई. स्विच हातात घेऊन त्यांनी वास घेतला. "इसकू किसने मारा बाजी?"

"मी," मी म्हणाले.

"क्या काम करते तुम?"

"शाळेत विज्ञान शिकवते."

चाचांनी चहा बशीत ओतला आणि माझ्याकडं न बघता प्यायले. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या, तरी मी राग गिळला. मी अप्पांची गोष्ट सांगितली. ज्वारीची गोष्ट सांगितली. तेव्हा त्यांनी चष्मा खाली घेतला.

"ये लहर देखे नै क्या? एसी का स्विच है ये. एसी घड़ी-घड़ी दम लेती, उस टैम में ठिणगी बुझ जाती. डीसी दमच नै लेती, बाजी. ठिणगी जलती रैती, पॉइंट कू खाती."

सेकंदाला शंभर वेळा एसी शून्यावर येते, हे मला पाठ होतं. परीक्षेत विचारते मी ते. पण पॉइंट उघडताना बॅटरीची ठिणगी विझतच नाही, हे त्या पाठांतरातून कधी वर आलंच नव्हतं.

"स्विच चालू करने कू नै लेते," चाचा म्हणाले, "बंद करने कू लेते. बंद करताना किती सोसतो, ते बगायचं आधी." मला पटावं म्हणून शेवटचं त्यांनी मराठीत सांगितलं.

मग त्यांनी कागदावर रेघा मारल्या. हातात छोटा स्विच. बॅटरीजवळ एक जाडजूड डबा, कॉन्टॅक्टर. मोठा करंट फक्त त्या डब्यातून जाणार, छोटा स्विच त्याला नुसती हाक मारणार. डब्यावर बारा व्होल्ट डीसी छापलेलंच हवं, आणि बासष्टाच्या तिप्पट तरी सोसणारा हवा. बॅटरीच्या तोंडाशी फ्यूज. वर खुर्ची टेकली की मोटर आपोआप बंद करणारा एक खटका. आणि माझ्या सीटशेजारी लाल मुठीचा कट-ऑफ, तोही डीसीचाच, म्हणजे सगळं फसलं तरी एका हिसक्यात बॅटरी तुटेल.

"मग हातातला छोटा स्विच कुठलाही चालेल," मी उत्साहात म्हणाले. "त्यातून एखाददुसरा अँपिअरच जाणार!"

चाचा भडकले. "कुठलाही? आदमी बैठा है उसपे! डबे की कॉइल भी डीसीच है, छोड़ते टैम झटका मारती. उनका हाथ कैसा है वो मैं देखूंगा. इतवार कू आता मैं."

रविवारी ते स्कूटरवरून पत्र्याचा डबा घेऊन आले. अव्वानं दार उघडलं पण बसा म्हणाली नाही. अप्पा भिंतीकडं तोंड करूनच होते. चाचांनी डबा पलंगावर उपडा केला. तीस-चाळीस स्विच चादरीवर पसरले, काळे, लाल, चकचकीत दांड्यांचे, आणि त्यातला एक चाचांनी नुसता वाजवला. टक्क.

अप्पांची मान वळली.

पुढचा एक तास मी आयुष्यात विसरणार नाही. माझे अप्पा डाव्या हातानं एकेक स्विच उचलून कानाशी नेत होते, डोळे मिटून दाबत होते, आणि चाचा तोच स्विच घेऊन उलटा करून चष्म्यातून त्याच्या पाठीवरचं बारीक वाचत होते. एक कानाचा माणूस, एक आकड्यांचा, आणि दोघं एकमेकांवर गुरकावत. चकचकीत दांड्याचा एक अप्पांना फारच आवडला. "काय गोड बोलतंय!" म्हणाले. चाचांनी तो उलटा केला. वीस अँपिअर छापलेलं, पण मी झडप घालून ओरडले, "लहर! लहर आहे, नको!" चाचांनी पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं.

दुसरा एक डीसीचा होता, पण बोट काढलं तरी चालूच राहायचा. "हे मागाला बरं," अप्पा म्हणाले, "मला न्हाय. माजा हात गळून पडला तर?" हे वाक्य त्यांनी इतक्या सहज म्हटलं की चाचा आणि मी दोघंही थांबलो. म्हणजे अप्पांनी गाडीत बसायचा विचार पुन्हा सुरू केला होता! मला नाचावंसं वाटलं. सोडला की बंद होणारा, स्प्रिंगचाच हवा, हे तिघांना एकदमच पटलं. मग स्प्रिंगवाले निवडले. एक इतका कडक की वीस मोजेपर्यंत अप्पांचा अंगठा थरथरायला लागला, आणि चढायला तर वीस सेकंद लागणारच होते. एक इतका हलका की सदऱ्याची बाही घासली तरी चालू व्हायचा.

शेवटी एक रुंद, काळा, रबराची टोपी घातलेला निघाला. पुढं दाबलं की वर, मागं दाबलं की खाली, सोडलं की मधोमध. पाठीवर बारा व्होल्ट, डीसी, दहा अँपिअर. चाचांनी मान डोलावली. अप्पांनी कानाशी नेला आणि तोंड वाकडं केलं. "मुका हाय ह्यो. चालू झालं का बंद झालं, कळणार कसं?"

"चलो, दिखाता," चाचा म्हणाले. बरोबर आणलेला नवा कॉन्टॅक्टर त्यांनी गाडीत बॅटरीशेजारी ठेवला आणि वायर त्याला जोडली. अप्पांनी पलंगावरून दाबलं. गल्लीतून आवाज आला, ठक्क! सोडलं. ठक्क! अप्पांनी पाच-सहा वेळा केलं. प्रत्येक वेळी चेहरा उजळत गेला. "आसं! हे बोलतंय की! धरलं सांगतंय, सोडलं सांगतंय!"

"साकु," अव्वा म्हणाली, म्हणजे पुरे. पण ती चहा टाकायला आत गेली, आणि चार कप घेऊन आली.

जोडणीला दिवस गेला. जाड वायर, फ्यूज, वरचा खटका, सगळं चाचांनी माझ्याकडून करून घेतलं आणि प्रत्येक सांधा ओढून बघितला. मी खुर्चीची वाकलेली पट्टी सरळ केली. दिवस मावळायच्या आत दुसरं पोतं बांधून अप्पांनी ते दहादा चढवलं आणि दहा ठिकाणी थांबवलं. अव्वा उतरंडीशी उभी राहून सांगायची, "आता! आता थांबवा!" आणि ज्वारी मुकाट थांबायची. शेवटी पोतं चढत असताना चाचांनी मला कट-ऑफ ओढायला लावला. सगळं जागच्या जागी मेलं. कॉन्टॅक्टरला हात लावून बघितला तर थंडगार.

सोमवारी सकाळी अप्पा अंघोळ करून, पांढरा सदरा घालून खुर्चीत सरकले. स्विच त्यांच्या डाव्या हाताशी खुर्चीच्या दांड्यावर बसवला होता. मी पट्टा बांधला, आकडा अडकवला आणि खुर्चीच्या मागं उभी राहिले. हात पुढं धरले होते, लागले नव्हते.

"हात काढ," अप्पा म्हणाले.

"लावला नाही, अप्पा."

"काढ."

मी दोन्ही हात पाठीमागं घेतले. ठक्क. दोर ताणला. खुर्चीची पुढची चाकं उतरंडीवर चढली, मग मागची. अव्वानं पदर तोंडात धरला होता. गल्लीतल्या माणसांनी या वेळी टाळ्या वाजवल्या नाहीत. खुर्ची अर्धा फूट वर गेली, एक फूट गेली, आणि निम्म्या उतरंडीवर, ठक्क, थांबली.

"अप्पा! काय झालं? अडकलं का? हात दुखला?"

मी कट-ऑफकडं धावणार तेवढ्यात त्यांनी मान वळवली. ते रडत नव्हते, हसतही नव्हते. तिथल्या उंचीवरून त्यांनी गल्ली बघितली, आमची घरं बघितली, अव्वाला बघितलं.

"काय न्हाय झालं," म्हणाले. "थांबलोय."

"उशीर होतोय, अप्पा. मालक वाट बघतायत."

"बगू दे. मी थांबलोय."

आम्ही त्यांना दीड वर्ष पलंगावर उठवत होतो, बसवत होतो, कूस बदलून देत होतो. प्रेमानं करत होतो, आणि त्यातलं काही कधी थांबवायचं, हे आम्ही त्यांना एकदाही विचारलं नव्हतं. मला भडभडून आलं, मी ते लपवलंही नाही. इंजिन चालू होतं, मालकांचा फोन वाजत होता, मी तो उचलला नाही. अप्पांचा अंगठा बटणाशेजारी मोकळा पडला होता. आम्ही सगळे खाली उभे राहिलो, आणि मग त्यांना वाटलं तेव्हा त्यांनी बटण दाबलं.